रंगाखालची भेग

मित्रांनो, मी एक जुना हूक आहे, कारखान्यातल्या क्रेनचा. आता जमिनीवर बसलोय, म्हणून निवांत बोलतो. टांगलेला होतो तेव्हा शेवटी शेवटी माझी पार बोबडी वळलेली असायची.

तापल्या पोलादावर घणाचे घाव घालून मला घडवलं. पुढे वर्षानुवर्षं मी अवजड ओझी उचलली. खाली उभं राहून मला साखळी अडकवायचे ते मामा. रोज सकाळी माझ्या पाठीवर थाप मारून विचारायचे, "काय राव, झोप झाली का?" मला फार बरं वाटायचं.

मग एकदा ओझं उचलताना माझ्या बाकात, आतल्या अंगाला, काहीतरी उकललं. केसाएवढी भेग. कुणाला दिसली नाही, पण मला कळली. प्रत्येक ओझ्याला ती किंचित पुढे सरकायची आणि खाली मामा उभे असायचे. सांगणार कसं? भीतीने मी आतून गार पडायचो.

तपासणीचा दिवस ठरला. आपला हूक चारचौघांत ओंगळ दिसू नये म्हणून मामांनी आदल्या दिवशी मायेने मला पिवळाधमक रंग दिला. तो भेगेत शिरून वाळला. आता ती कुणालाच दिसणार नव्हती.

तपासायला आली ती मामांचीच सख्खी भाची. मला खाली उतरवलं, तशी ती म्हणाली, "मामा, रंग काढावा लागेल."

"अगं, कालच दिलाय. नवरदेवासारखा दिसतोय की. वरूनच बघ ना."

"वरून काय कळणार? भेग असली तर रंगाने बुजली असेल."

मामांचं तोंड उतरलं. ती घुटमळली. मी मनात म्हणत होतो, बाई, खरवड. भेग सापडली तर माझी रवानगी भट्टीत होणार, हीही भीती होतीच.

तिने रंग खरवडला, उरलासुरला द्रावणाने धुऊन काढला. लाल औषध फासलं, मुरू दिलं, पुसलं आणि वर पांढरी पूड फवारली. आम्ही तिघं वाट बघत राहिलो. हळूहळू भेगेत मुरलेलं औषध वर आलं, पांढऱ्यावर एक लाल रेघ उमटली आणि लांबतच गेली.

मामा मटकन खाली बसले. "सकाळीच याच्याखाली उभा होतो गं," एवढंच म्हणाले. भाचीने त्यांचा हात घट्ट धरून ठेवला.

मला भट्टीत नाही धाडलं. लाल रेघेसकट दारापाशी ठेवलंय, येणाऱ्याजाणाऱ्याने बघावं म्हणून. मित्रांनो, आमच्यावर माया जरूर करा, पण आमचं दुखणं झाकू नका.

मामा आता रोज सकाळी नव्या हुकाच्या बाकावरून हळूच बोट फिरवतात. झोपेचं विचारत नाहीत. म्हणतात, "काय राव, कुठे दुखतंय का?"