जिवंत आई-बापांची अडचण

मावशीने बापाला पुरात बुडवलं, आईला तापाने नेलं, फाइल सेव्ह केली आणि जेवणाचा डबा उघडला. दोघांना मिळून तेरा ओळी लागल्या होत्या. पूर्वी चाळीस लागायच्या. हात बसला की कामं भराभर उरकतात.

डब्याचं झाकण निघतंय तोवर कप्तान खुर्ची ओढत समोर येऊन बसला. कप्तान म्हणजे इथे तयार होत असलेल्या व्हिडिओ गेमचा प्रमुख. वय एकोणतीस, गळ्यात कायम हेडफोन. ऑफिसात बाकी सगळे साधारण त्याच्याच वयाचे, त्यामुळे संवाद लिहिणाऱ्या बाईला पहिल्याच दिवशी ‘मावशी’ हे पद मिळालं होतं. नऊ वर्षांत पदोन्नती म्हणावी अशी तेवढी एकच.

“मावशी, या वेळी आई-बापांना मारायचं नाहीये.”

मावशीने घास खाली ठेवला. “का? काही चांगलं केलं का त्यांनी?”

“मरणं करणारी रजेवर चाललीय. उद्यापासून सहा महिने.”

“बाळंतपणाची?”

“हो.”

“मग बरोबर आहे. दोन्ही कामं एका वेळी नाही जमायची.”

मरणं करणारी म्हणजे पात्रांचं कोसळणं, धापा टाकणं, हातातला हात निसटणं पडद्यावर बसवणारी मुलगी. तिच्याशिवाय त्या इमारतीत कुणाला धड मरता येत नसे. गेमची नायिका सोळा वर्षांची होती. तिला तलवार घेऊन सात राज्यं ओलांडायची होती आणि शेवटी एका अजगराला संपवायचं होतं. आता हे सगळं तिला आई आणि बाप दोघंही धडधाकट असताना करावं लागणार होतं.

“बाकी काही बदलू नका,” कप्तान म्हणाला. “ते जिवंत राहतील आणि तिला जाऊ देतील. चार ओळी. गुरुवारपर्यंत.”

“जाऊ का देतील?”

“म्हणजे?”

“जिवंत आहेत, शुद्धीवर आहेत. पोरगी म्हणते, अजगर मारायला निघाले. तर ते हो का म्हणतील?”

कप्तानने विचार करत असल्यासारखा चेहरा केला. “खेळणाऱ्याला बाहेर पडायचं असतं ना मावशी. आई-बाप म्हणजे त्याच्यासाठी दार. दार उघडलं की झालं.”

“बरं,” मावशी म्हणाली. “दाराशी बोलून सांगते.”

नऊ वर्षांत मावशीने चौदा आया आणि सोळा बाप संपवले होते. बाप दोन जास्त, कारण दोघांना मारूनही तिसऱ्या भागात मुखवटा घालून परत आणलं होतं आणि पुन्हा मारलं होतं. या धंद्यात पोराला उडी कशी मारायची हे कळायच्या आत आई-बाप गेलेले बरे असतात. मागे राहिलीच एखादी आई, तर ती चुलीपाशी उभी असते. तिच्यासमोर कितीही वेळा बटण दाबा, ती म्हणते, “सांभाळून जा हं.” शंभराव्यांदाही तितक्याच मायेने. पोरगा रक्तबंबाळ होऊन घरी येतो, स्वतःच्या खाटेवर झोपतो, सकाळी जखमा भरलेल्या असतात. हे रक्त कुणाचं, असं कुठल्याही आईने आजवर विचारलेलं नाही. विचारायला ओळच दिलेली नसते.

मावशीच्या घरी परिस्थिती वेगळी होती. स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीखाली एक कागद सहा दिवस पडून होता. एकोणीस वर्षांच्या मुलीला मालवाहू जहाजावर प्रशिक्षणार्थी म्हणून घेतलं होतं. सात महिने समुद्रात, मग परीक्षा, मग पुन्हा समुद्र. एकवीस वर्षांखालच्या उमेदवाराला पालकाची सही लागत होती. मुदत शुक्रवारची. मुलीने कागद आधी टेबलावर ठेवला होता. तिथून तो बरणीखाली कसा गेला हे कुणीच विचारलं नाही. मीठ मात्र त्या आठवड्यात घरातल्या तिघांनाही कमी लागलं.

मुलीने बाबाला विचारून पाहिलं होतं. बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि घरी शब्दकोडी सोडवायचा. त्याला कुठूनही, कुठल्याही वेळी, काहीही विचारलं तरी एकच उत्तर यायचं:

“आईला विचार.”

मंगळवारी मावशीने पहिला मसुदा दिला. दुपारी टेस्टर तिच्या टेबलाशी आली. दिवसभर गेम खेळून त्यातल्या चुका काढायच्या, हे तिचं काम. त्यापायी तिला जगात कुठेही चूकच आधी दिसे.

“मावशी, तुमची आई दारातून हलत नाहीये.”

“तिचे प्रश्न संपले नसतील.”

“कुठे चाललीस झालं. कुणाबरोबर झालं. परत कधी, झालं. आता विचारतेय, अजगराला तूच का? दुसरं कुणी नाही का गावात?”

“मग? वावगं काय विचारलं?”

“बरोबरच आहे. पण याला उत्तराचं बटणच नाहीये. अकरा मिनिटं मी दारातच उभी आहे.”

बुधवारी मावशीने आईला माजघरात बसवलं आणि बापाच्या तोंडी घातलं, “चल, वेशीपर्यंत सोडायला येतो.” बाप वेशीपर्यंत आला. तिथून परत फिरेना. त्याला परत फिरवणारी ओळ लिहायला मावशी विसरली होती, असं तिने कप्तानला सांगितलं. जंगलात पहिला लांडगा आला तेव्हा बाप नायिकेच्या पुढे जाऊन उभा राहिला. त्याच्या हातात तलवार नव्हती. त्याला दिलेलीच नव्हती. दुसऱ्या लांडग्यालाही तो तसाच सामोरा गेला. मरणं करणारी रजेवर असल्यामुळे त्याला मरता येईना, आणि तो मधून हलेना म्हणून नायिकेला मारता येईना.

टेस्टरने नोंद केली: ‘बाप सारखा मधे येतो.’

“मावशी,” कप्तान हळू आवाजात म्हणाला, “तुम्हाला बरं नाही का?”

“बरी आहे.”

“नाही, म्हणजे चार ओळी आहेत. तुम्ही एवढे लोक मारलेत आपल्यासाठी, एकदासुद्धा उशीर नाही. आणि दोन माणसं जिवंत ठेवायला तीन दिवस?”

“मारायला काय लागतं?” मावशी म्हणाली. “मेलेल्याला काही पटवून द्यावं लागत नाही.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मुलीचा होता.

“आई, उद्या संध्याकाळी तरी बसूया का आपण? परवा शेवटचा दिवस आहे.”

“मीटिंगमध्ये आहे गं.”

“काल पण मीटिंगमध्येच होतीस.”

“तीच चाललीय अजून.”

गुरुवारी सकाळी मावशीने स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं. डोळे चुरचुरत होते. मग तिने आईला अंगणात आणलं, चेहऱ्यावर हसू दिलं आणि लिहिलं: “जा, बाळ. हा दिवस येणार हे मला ठाऊक होतं.” बापाच्या हातात तलवार दिली आणि लिहिलं: “ही तुझ्या आजोबांची.” आजोबा कोण, ते तलवार कशाला बाळगून होते, हा प्रश्न पुढच्या भागाचा. नायिका म्हणाली, “येते.” आई म्हणाली, “सांभाळून जा हं.” चार ओळी झाल्या. लिहायला सहा मिनिटं लागली.

कप्तानने वाचलं आणि हेडफोन काढून ठेवले. हा त्याच्याकडचा मोठा सन्मान होता.

“आता कसं! गळा दाटून आला मावशी.”

“अकरा सेकंद,” टेस्टरने घड्याळ दाखवलं. “अकरा सेकंदांत पोरगी घराबाहेर.”

कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. मावशीने हात जोडले, पिशवी उचलली आणि डोकं दुखतंय सांगून लवकर निघाली. डोकं खरंच दुखत होतं. रस्त्याने येताना तिच्या मनात आलं, एवढं सोपं होतं तर उगीच तीन दिवस घातले. आणि घरात नऊ.

घरी बाबा खिडकीपाशी शब्दकोडं घेऊन बसला होता. मुलगी पोहण्याच्या तलावावरून आली, तेव्हा मावशीने मिठाच्या बरणीखालचा कागद टेबलावर आणून ठेवला होता. त्यावर बरणीच्या बुडाचा गोल उमटला होता. मुलगी दारातच थांबली. ओल्या केसांचं पाणी खांद्यावर ठिबकत होतं.

“जा,” मावशी म्हणाली.

“कुठे?”

“जहाजावर. करते सही. कुठे करायची दाखव.”

मुलगी पुढे आली. तिने पिशवी खुर्चीवर ठेवली, मग उचलून जमिनीवर ठेवली.

“म्हणजे, चालेल तुला?”

“चालेल.”

“बस्स? एवढंच?”

“आणखी काय पाहिजे? हा दिवस येणार हे ठाऊकच होतं मला.”

मुलीने पिशवीतून एक वही काढली, उघडली आणि पुन्हा मिटली. तेवढ्यात मावशीला पान दिसलं. डावीकडे लाल शाईत ‘आई म्हणेल’ आणि उजवीकडे निळ्या शाईत ‘मी म्हणेन’. डावी बाजू पान उलटून मागेही गेली होती.

“नऊ दिवस तयारी केलीय मी,” मुलगी म्हणाली. आवाज चिरका येत होता. “मला वाटलं, तू आकाशपाताळ एक करशील. तू तर... मी चहा ठेवू का विचारलं असतं, तरी यापेक्षा जास्त बोलली असतीस.”

“अगं, हो म्हटलं ना मी.”

“हो. म्हटलंस.” तिने मान खाली घातली. “पेन आहे का?”

खिडकीपाशी पानाचा आवाज थांबला होता. मावशीने मुलीकडे पाहिलं. ओठ आवळलेले, नाक लाल झालेलं. असा चेहरा तिने पूर्वी शाळेच्या दारात पाहिला होता. सगळ्यांचे आईबाप आलेले आणि हिला न्यायला उशीर झालेला.

मावशीने कागद स्वतःकडे ओढला आणि त्यावर कोपर ठेवलं.

“बस खाली,” ती म्हणाली. “जहाजावर बायका किती?”

मुलगी बसली. “माझ्यासकट तीन.”

“आणि पुरुष?”

“एकोणीस. पण खोलीला आतून कडी असते, आणि सेकंड ऑफिसर बाईच आहे. मी बोललेय तिच्याशी.”

“कधी?”

“गेल्या रविवारी. चाळीस मिनिटं. तिचा नंबर देते तुला.”

“देच. आणि पोहायचं काय?”

“आई! मी पोहायला शिकवते लोकांना!”

“तळ्यात. समुद्राला कडेला धरायला दांडी नसते बये. आणि बस लागायची तुला. घाटात माझ्या ओच्यात ओकली होतीस.”

“दुसरीत होते मी!”

“जहाज काय दुसरी-तिसरी बघून हलतं?”

मुलीने वही उघडली. “त्यावर गोळ्या असतात. आणि चार दिवसांत शरीराला सवय होते. हे बघ, लिहून आणलंय.” केसांचं पाणी वहीवर पडलं, ते तिने बाहीने पुसलं. तिचा आवाज हळूहळू वर चढत होता. मावशीने जेवणाचं विचारलं, तापाचं विचारलं, कॉलेज अर्धवट सुटेल त्याचं विचारलं. परीक्षेत नापास झालीस तर, विचारलं. मुलगी एकेक मुद्दा पुढे आला की बोटाने ओळ शोधायची आणि उत्तर द्यायची. उत्तर दिलं की समोर बारीकशी खूण करायची. मावशीला ते पान उलटं दिसत होतं. उलटं वाचायची तिला ऑफिसातून सवय होती. कुठल्या ओळीपुढे अजून खूण नाही, ते बघून ती पुढचा प्रश्न काढत होती.

“बाबा, तुम्ही तरी सांगा हिला!” मुलगी एकदा ओरडली.

“आईला विचार,” बाबा म्हणाला.

“आईलाच तर विचारतेय!”

“मग बरोबर चाललंय.”

मागचं पानही संपत आलं. शेवटची लाल ओळ होती, ‘तू गेल्यावर मी एकटी काय करू.’ समोर निळ्या शाईत काहीच लिहिलेलं नव्हतं. नुसती पेनाची चार-पाच टिंबं होती, टेकवून उचलल्यासारखी.

मावशीने तेवढा प्रश्न सोडला.

“फोन?” तिने विचारलं.

“प्रत्येक बंदरावर!” मुलगी लगेच म्हणाली. हे वहीत नव्हतंच. “जहाज लागलं की आधी तुला. शप्पथ.”

“मी मीटिंगमध्ये असले तर?”

“तर उचलायचा.”

मावशीने खोल श्वास घेतला. अगदी निरुपाय झाल्यासारखा. मग कोपर कागदावरून उचललं.

“तुझ्यापुढे कुणाचं काही चालतंय का? कर बाई तुझ्या मनासारखं. आण पेन.”

सही झाली. मुलीने कागदावर दोन-तीनदा फुंकर मारली आणि तो छातीशी धरून खोलीत पळाली. दार लोटायचं राहिलं. आतून तिचा मैत्रिणीशी फोनवर बोलण्याचा आवाज बाहेर येत होता.

“अगं काय सांगू, पाऊण तास! एक मुद्दा म्हणून सोडला नाही बाईने. पण मीही काही कच्ची नाहीये. शेवटी करायलाच लावली सही.”

बाबाने शब्दकोडं खाली ठेवलं, चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसू लागला. पुसून झाला तरी पुसत राहिला. मावशी दिवा लावायला म्हणून उठली, खुर्चीच्या पाठीला धरून क्षणभर उभी राहिली, आणि परत बसली.