लाल झालेली हळद

मी इंजेक्शनची रिकामी बाटली बोलतेय. पोटातलं औषध संपलं की मला फेकून द्यायची माणसांना कोण घाई असते. सुरतेत भेस्तानच्या एका दवाखान्यात मीही कचऱ्याच्या डब्यात जाणार होते. तेवढ्यात मालतीबाईंनी कंपाउंडरपुढे पिशवी धरली. "टाकू नका, मला पोरीला शिकवायला हवी," त्या म्हणाल्या. त्याने नाक मुरडून मला पिशवीत टाकलं.

मालतीबाई आपल्या भावाकडे, शालिग्रामकडे राहतात. नवरा गेल्यावर त्या अमळनेरहून इथे आल्या. शालिग्राम कापड रंगवायच्या मिलमध्ये कामाला. त्याची थोरली वर्षा लग्नाला आलेली आणि धाकटी कुंदन शिकणारी. प्लेगच्या साली सगळं घर गावी पळालं आणि परत आलं तोवर शाळेने कुंदनचं नाव काढून टाकलं होतं. दुसरी मराठी शाळा जवळपास नाही. मग फुईंनीच, म्हणजे कुंदनच्या आत्या मालतीबाईंनी, घरात शाळा मांडली. लग्नाआधी त्या बारावी सायन्स झालेल्या. पोरगी बाहेरून दहावीला बसेल, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

"विज्ञान पाठ करायचं नसतं, हातानं करायचं असतं," असं त्या म्हणत. माझ्यात सोडा आणि लिंबाचा रस घालून तोंडावर फुगा बसवत, तो आपोआप फुगे. पण खरा लाडका प्रयोग हळदीचा. हळदीचं पाणी पिवळं. त्यात साबणाचं पाणी पडलं की लाल, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. गल्लीतल्या पोरीही बघायला जमत. शेजारच्या सरलाबाईंची मनीषा तर आ वासून बसे. त्या दिवसांत मी फार मिजाशीत होते.

मग एके दुपारी कुंदनने माझ्यात पाणी भरलं, हळद टाकली आणि साबण घालायच्या आधीच मी लाल झाले. फुईंना वाटलं, मी नीट धुतलेली नसेन. त्यांनी मला लांबच्या नळाच्या पाण्याने विसळून पुन्हा प्रयोग केला. नळाच्या पाण्यात हळद पिवळी राहिली. डंकीच्या, म्हणजे गल्लीतल्या हातपंपाच्या पाण्यात ती परत लाल झाली. डंकीमागच्या भिंतीपलीकडून मिलचा नाला वाहतो. कापड धुवायला मिलमध्ये कॉस्टिक सोडा वापरतात, हे शालिग्रामच तर घरी सांगत असे. साबणासारखाच हळद लाल करणारा तो सोडा आता झिरपत डंकीत उतरला होता. फुईंनी डंकीच्या पाण्याचा माठ मोरीत ओतून दिला.

जेवताना शालिग्रामने ऐकलं आणि ताट बाजूला सारलं. "बाई, हाई गोट घरना बाहेर जावाले नको," तो बहिणीला म्हणाला. "त्याच मिलनं मीठ खातस आपन. मन्ही नोकरी गई तं वर्षानं लगीन कसं व्हई?"

दुसऱ्या दिवसापासून तो स्वतः लांबच्या नळावरून कळश्या वाहू लागला. गल्ली मात्र डंकीचंच पाणी पीत राहिली. मी फळीवरून बघत असे आणि मला त्या माणसाचा राग येई, त्याची कीवही येई.

वर्षाच्या हळदीला पर्वत पाटियाहून नवऱ्यामुलाकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या. मुलाची मावशी, पार्वतीबाई, ती कालवायला बसली. पाणी हवं होतं. कोणीतरी घाईत डंकीवरून तांब्या भरून आणला. पाणी पडलं आणि वाटीतली हळद सगळ्यांच्या देखत लालभडक झाली.

पार्वतीबाईचा हात थांबला. "हळद लाल कशी व्हयनी?" ती म्हणाली. "देवीले हाई लगीन मान्य नही."

मांडवात कुजबुज सुरू झाली. पाटावर बसलेल्या वर्षाने मान खाली घातली आणि तिचे खांदे हलू लागले. कुंदन धावत घरात आली. तिने मला घेतलं, लिंबू घेतलं आणि मांडवात येऊन वाटीतलं लाल पाणी माझ्यात ओतलं. मग सगळ्यांना दिसेल असं मला उंच धरून लिंबू पिळलं. मी पिवळी झाले.

"हे पाणी..." असं म्हणायला कुंदनने तोंड उघडलं. शालिग्रामशेजारी मिलचा मुकादम पान चघळत उभा होता. शालिग्राम घाईघाईने पुढे झाला.

"नजर लागेल व्हती," तो मोठ्याने म्हणाला. "लिंबूनी नजर उतारी लिधी."

बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. पार्वतीबाईने उरलेलं लिंबू स्वतःच वाटीत पिळलं आणि वर्षाच्या गालांना हळद लागली. कुंदनने बापाकडे पाहिलं, मुकादमाकडे पाहिलं, बहिणीच्या पिवळ्या गालांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. 

लग्न पार पडलं. डंकीच्या गळ्यात लिंबू-मिरच्या आल्या. आता बायका माठातही लिंबू पिळतात आणि निश्चिंतपणे पाणी पितात. मनीषाच्या तोंडात फोड आले, पोटात कळा येऊ लागल्या. कुंदन सरलाबाईंकडे जाऊन डंकीचं पाणी देऊ नका म्हणाली, तर त्या हसल्या. "अवं, लिंबू पिळीसन पेतस ना आमी."

घरी आल्यावर कुंदनने मला फुईंसमोर ठेवलं. "फुई, आपण मांडवात प्रयोग केला की खोटं बोललो?" तिने विचारलं.  मला तर ते ऐकून तडा जातो की काय असं झालं.

आज सकाळी फुईंनी घरोघरी निरोप दिलाय. उद्याच्या शाळेला पोरींनी आपापल्या माठातलं लिंबू न पिळलेलं पाणी आणायचं, आणि आयांनीही यायचं. कुंदनने मला घासूनपुसून खिडकीत ठेवलंय. कामावरून आल्यावर शालिग्रामने मला उचललं. वाटलं, आता हा मला नाल्यात भिरकावणार. त्याने मला उजेडात धरून तळापर्यंत पाहिलं. मग त्याने मला परत जागेवर ठेवलं आणि कळशी घेऊन तो नळाकडे गेला. त्याच्या मनात काय आहे, मला सांगता येत नाही. भीती वाटते.

बायांनो, माझं एवढंच मागणं आहे. उद्या माझ्यात तुमच्या घरचं पाणी ओता, चिमूटभर हळद टाका. मी लाल होईन. तशी लाल मला जरा वेळ राहू द्या आणि नीट बघा. ह्या वेळी कोणी लिंबू पिळू नका.