भरतीच्या वेळी केलेला सर्व्हे

खाडीच्या तोंडाशी साचलेला गाळ काढा म्हणून सहा वर्षं बोंबलत फिरलेल्यांत पहिला नंबर माझा. तेव्हा आता त्या गाळाबद्दल मी काही बोललो तर लोक हसतील, आणि हसावंच. पण आमची तक्रार खोटी नव्हती. ओहोटीला होड्या बाहेरच अडकायच्या. समोर घर दिसतंय, चुलीचा धूर दिसतोय, आणि आपण भरतीची वाट बघत लाटांवर हेलकावे खातोय. अशाच एका सकाळी माझा मुलगा दीपक घाई करून आत शिरला. होडी वाळूच्या दांड्याला लागून कलंडली आणि त्याचा पाय खाली सापडला. तो पाय आता हवा बदलली की ठणकतो. दीपक सव्वीस वर्षांचा आहे.

मग एकदाचा गाळ उपसणारा ड्रेजर मंजूर झाला. तोही साधासुधा नाही, पर्यावरणाला जपणारा. कंपनीने पाहणीला पाठवलेली नेत्रा नावाची इंजिनियर मुलगी माझ्याच होडीत बसून सगळं समजावत होती. गाळ उपसताना भोवती पाण्यात पडदा सोडणार, म्हणजे गढूळ पाणी पसरणार नाही. पाण्यात यंत्रं ठेवणार. गढूळपणा ठरल्यापेक्षा वाढला की ड्रेजर बंद. आणि काढलेला गाळ समुद्रात फेकायचा नाही, खाडीतल्याच एखाद्या रिकाम्या उथळ जागी भरून तिथे तिवराची, म्हणजे खारफुटीची झाडं लावायची. पोरगी मनापासून बोलत होती. माशांची इतकी काळजी आम्ही मासे मारणाऱ्यांनी कधी केली नव्हती.

“काका, अशी जागा दाखवा, जिथे कुणाचं काही नाही,” ती म्हणाली.

मी तिला येसूच्या पट्टीवर नेलं. येसूची पट्टी म्हणजे खाडीच्या मधला, ओहोटीला तीन-चार तास उघडा पडणारा चिखलवाळूचा लांबट तुकडा. त्या वेळी भरती होती. भरतीलाच नेणार ना, ओहोटीला तिथे होडी जाते कुठे? तीन हात पाणी होतं आणि आसपास चिटपाखरू नव्हतं. नेत्राने काठी बुडवून खोली घेतली, मोबाईलच्या नकाशात खूण केली आणि विचारलं, “इथे मासेमारी चालते?”

“छे. हितं जाळी लागत नाहीत,” मी म्हटलं.

शब्दन् शब्द खरा होता. आमच्याकडे मासेमारी म्हणजे होडी, जाळं आणि पुरुष. बाया ओहोटीला पट्टीवर उतरून, पायाच्या अंगठ्याने चाचपून चिखलातल्या तिसऱ्या शिंपल्या काढतात, त्याला कुणी मासेमारी म्हणत नाही. ‘बाया पट्टीवर गेल्यात’ एवढंच म्हणतात, जशा पाण्याला जातात तशा.

तिने कागदावर ‘मासेमारी नाही’ असं लिहिलं आणि खाली माझी सही घेतली. मग आम्ही तिथेच नांगर टाकून जेवलो. डबा गोदाआक्काचा होता. गोदाआक्का माझी थोरली बहीण. नवरा गेल्यापासून बावीस वर्षं ती त्याच पट्टीवरच्या तिसऱ्या मिरकरवाड्याच्या बाजारात नेऊन विकते आणि घर चालवते. डब्यात तांदळाची भाकरी आणि एकशिपी, म्हणजे एका शिंपलीसकट शिजवलेल्या तिसऱ्या. नेत्राने शिंपल्या चाटूनपुसून खाल्ल्या.

“कुठून आणता हो ह्या?”

“खाडीतनं,” मी म्हटलं.

रिकाम्या शिंपल्या आम्ही तिथेच पाण्यात टाकल्या. इथे गाळ पडला तर आक्काचं काय, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. आलं होतं. आक्काचं नाव अगदी जिभेवर आलं होतं. पण नेत्रा आधीच बोलून गेली होती की ही जागा अडली तर दुसऱ्या जागेची पाहणी नव्याने, तोवर पाऊस, आणि ड्रेजर जाईल दुसऱ्या बंदरात. मला दीपकचा पाय आठवला. मी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

महिन्याभराने ग्रामपंचायतीत सभा झाली. नेत्रा आली नव्हती, कंपनीचे एक साहेब आले होते. आक्का उठली. चारचौघांत बोलायची तिची पहिलीच वेळ. पदराचं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

“सायब, त्या पट्टीवर आमी बाया तिसऱ्या काढतो. आजच्या नाय, माज्या सासूपासनं. तितं गाळ टाकलात तर आमी जायचं कुटं?”

साहेबांनी अहवाल चाळला. “इथे तर मासेमारी नाही असं लिहिलंय. तुमच्याच वाडीतल्या माणसाची सही आहे. रामा कोण?”

मी उठलो. सगळी वाडी माझ्याकडे बघत होती, होडीवाले एका नजरेने आणि बाया दुसऱ्या. आक्काच्या तोंडावर मात्र हसू आलं. भाऊ उठलाय, आता कशाला काळजी, असं ते हसू होतं. ते मला अजून दिसतं आणि माझी मलाच किळस येते.

“हितं जाळी लागत नाहीत,” मी म्हटलं आणि खाली बसलो.

आक्काने मला तिथे खोटा म्हणायला हवं होतं. पण आपलेच दात, आपलेच ओठ. ती बसली.

काम अगदी कागदावर होतं तसं झालं, त्यात खोट काढायला जागा नाही. पडदा लागला, यंत्रं लागली. एकदा पाणी गढूळ झालं तर ड्रेजर सहा तास बंद ठेवला. सहा तास! आक्कासाठी कुणी सहा मिनिटं थांबलं नव्हतं, आणि त्या न थांबलेल्यांत पहिला नंबर माझाच. पाइपातून पट्टीवर गाळ पडत होता तेव्हा बाया टोपल्या घेऊन काठावर उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशीही आल्या. तिसऱ्या दिवशी आल्या नाहीत.

मग त्याच बायांना पिवळी जाकिटं घालून तिवराची रोपं लावायच्या कामावर घेतलं. कंपनीला कसलंसं पारितोषिक मिळालं. आक्काही रोपं लावायला जाते. घरी बसून काय करणार?

तिने माझ्याशी बोलणं टाकलं नाही. टाकलं असतं तर सोसलं असतं. डबासुद्धा येतो. त्यात कधी डाळ असते, कधी सुका बोंबील. तिसऱ्या नसतात, आणि मी विचारत नाही.

ह्या मार्चमध्ये नेत्रा पुन्हा आली. खाडीचं तोंड परत गाळाने भरायला लागलंय, दुसऱ्यांदा गाळ काढायचा तर आधीचा अहवाल पुरा व्हायला हवा. ह्या वेळी ती ओहोटीला आली. आम्ही होडी लांब ठेवून चिखलातून चालत पट्टीवर गेलो. आक्का तिथेच रोपांसाठी खड्डे खणत होती. हातभर खणलं की खाली शिंपल्याच शिंपल्या लागत होत्या, मिटलेल्या, आत काळा चिखल भरलेल्या. नेत्राने एक उचलली आणि अंगठ्याने पुसली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. तिला तो डबा आठवला हे मला तिच्या डोळ्यांत दिसलं.

“मावशी,” तिने आक्कालाच विचारलं, “इथे पूर्वी तिसऱ्या काढत होतात का?”

मी मनात म्हणत होतो: सांग, आक्का. शिव्या घाल मला. सगळं सांगून टाक, एकदाचा मोकळा कर. आक्काने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने लांब खाडीच्या तोंडाकडे एकदा पाहिलं. दीपकची होडी अजून आत यायची होती.

“हितं जाळी लागत नव्हती, बाय,” ती म्हणाली. “माजा भाव सांगतो ना, तसंच लिव.”

नेत्राने हातातली शिंपली परत खड्ड्यात ठेवली. मग तिने ‘मासेमारी नव्हती’ असं लिहिलं आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. आता सही बोटाने करायची असते. माझ्या बोटाला चिखल लागला होता. तो मी लुंगीला पुसला आणि सही केली.