जांभळीवरचं नाव

"त्येंचं नाव नगं, बाई. दुसरं कायबी द्या."

गोजरबाईनं सूप भिंतीला टेकवलं आणि ती उठलीच. सारा उमापही तिच्यामागं उठली. नगरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी सारा सुट्टी लागली की राजूरच्या डोंगरात दगडफुलं शोधायला यायची. मसाल्यातल्या दगडफुलाचेच हे भाऊबंद, पण झाडाच्या सालीला खपलीसारखे चिकटलेले. त्यांच्यातलीच, शास्त्राला अजून ठाऊक नसलेली एक जात तिला मिळाली होती. ती पहिल्यांदा दिसली गोजरबाईच्या नवऱ्याला, सहादेवला. तोच पिशवी घेऊन साराबरोबर रानात हिंडायचा. पावसाळ्यात तो तापानं गेला. त्या जातीला त्याचं नाव द्यायचं साराच्या मनानं घेतलं होतं. लेख उद्या टपालात पडायला हवा होता. ती सारखी रस्त्याकडे बघत होती; एसटी चुकली तर संपलंच.

"मावशी, नाव छापून येईल. लांबलांबचे लोक वाचतील."

"वाचून हसत्याल. अंगावर कोड हुतं म्हनून जल्मभर कवड्या म्हनले त्यांना. पानवठ्याला हात लावू दिला न्हाई. आता झाडाला कोड फुटलं, तर त्येलाबी ह्येंचंच नाव?"

साराचा चेहरा उतरला. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं गोजरबाईचा हात धरला आणि तिला परसातल्या जांभळीपाशी नेलं. खोडावर त्याच जातीचा पांढरा चट्टा होता.

"हा रोग नाही, मावशी. बुरशी आणि शेवाळ मिळून राहतात. शेवाळ अन्न करतं, बुरशी घर राखते. झाडाचं काही घेत नाहीत."

"आन् नाव कुनाचं लागतं?"

"बुरशीचं. तसा नियमच आहे."

गोजरबाई पदराआड हसली. "म्हंजे रांधनारीचं हितंबी न्हाईच!"

खाली वळणावर एसटीचा भोंगा वाजला. साराची चुळबुळ सुरू झाली. गोजरबाईनं मात्र चट्ट्यावर तळवा ठेवला आणि वरून खाली हळूहळू फिरवला.

"कोडावर बावचीचं तेल लावायची मी त्यांना. लई आग व्हायची. बोलायचे न्हाईत." मग म्हणाली, "लिवा नाव. पन रोग न्हाई, आसंबी लिवा."

नव्या जातीचं वर्णन त्या काळी लॅटिनमध्येच लिहावं लागे. एसटीत गुडघ्यावर कागद धरून सारानं शेवटी एक ओळ वाढवली: झाडाला अपाय नाही. अशी ओळ तिथं कुणी लिहीत नसे. संपादक ती खोडणार, हे तिला ठाऊक होतं. गाडी खड्ड्यात आदळली, अक्षर वाकडं झालं. तिनं ते पुन्हा, दाबून लिहिलं.