चिंतामणी रंगाची गिटार

भरतनं आयुष्यात एकच भांडण जिंकलं, आणि तेही जिंकलं की हरलं हे त्याला कधी कळलं नाही.

त्या वर्षी आळे गावात त्यानं आणि समाधाननं ऑर्केस्ट्रा पार्टी काढली. भरत गायचा, समाधान गिटार वाजवायचा. इलेक्ट्रिक गिटार दोघांनी मिळून मुंबईहून आणलेली, जुनी. अंगावरच्या काळ्या रंगाचे पोपडे निघालेले. समाधाननं पॉलिशपेपर मारमारून ती नुकत्या न्हाऊ घातलेल्या बाळासारखी उघडी केली, आणि तिथंच वाद पेटला. भरतला ती शेंदरी हवी, समाधानला निळी.

“निळी केली तर लोक म्हनतील, जयंतीची पार्टी हाय,” भरत म्हणाला.

“आन शेंदरी केली तर? गणपतीची म्हनतील.”

“म्हनू दे की! गणपतीत दहा दिस सुपाऱ्या असत्यात राव.”

“मंग दहा दिस तूच वाजव.”

तो गमतीत बोलला की मनापासून, भरतला उमगेना. गिटारीला गावात दुसरा हात नव्हता. समाधान गेला तर पार्टी बसली. आणि बालवाडीपासूनचा सोबती गेला तर गाणं तरी कुणासाठी म्हणायचं?

समाधानची आई बनाबाई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. दोघांची फुगलेली तोंडं बघून ती गुणगुणली,

“रंगामंदी रंग, कसा निवडू गं बाई,
एक म्हनं व्हय, दुसरा म्हनं न्हाई.”

मग मान वर न करताच म्हणाली, “चिंतामणी करा. झ्याक दिसंल.”

“चालंल!” दोघं एकदमच बोलले.

भरतचा ऊर भरून आला. चिंतामणी! शाळेच्या सहलीत थेऊरला पाहिलेला तो देव, नखशिखांत शेंदूर ल्यालेला. भिंतीवर बुद्धाची तसबीर असलेल्या घरातल्या मावशीनं आपल्या गणपतीचं नाव घ्यावं, आणि समाधाननं आढेवेढे न घेता ‘चालंल’ म्हणावं! त्या दिवसापासून समाधानही हळुवार वागू लागला. टपरीवर चहा तोच सांगायचा. जिंकलेल्याला हरलेल्यानं इतकं जपावं, हे मात्र भरतला कोडंच वाटे.

आठवड्यानं दोघं रंगवायला दिलेली गिटार बघायला आळेफाट्यावर सयाजी पेंटरच्या शेडमध्ये गेले. सयाजी एरवी ट्रॅक्टर, जीपा रंगवायचा. त्याच्या तारेला एक गिटार टांगली होती, निळीशार. डिंभ्याच्या धरणातलं दुपारचं पाणी जणू उचलून आणलेलं.

“ही कुनाची?” भरतनं विचारलं.

“तुमचीच की पावणं.”

“अवो, आमी चिंतामणी सांगितला व्हता!”

“मंग ह्यो कोन हाय?” सयाजीनं खिळ्याला अडकवलेला झंपराच्या कापडाचा तुकडा पुढं धरला. “तुमच्या जोडीदारानं आनून दिला. तंतोतंत जुळवलाय.”

“आईच्या कापडाचा हाय,” समाधान म्हणाला. “साडीवाले ह्यालाच चिंतामणी म्हनत्यात. तुला ठावं न्हवतं?”

“मला वाटलं, थेऊरचा. शेंदरी.”

सयाजी पोट धरून हसत सुटला. समाधान हसला नाही.

“म्हंजी तू माझ्यासाठी व्हय म्हनला न्हवतास?” भरतनं विचारलं.

“मला वाटलं, तूच माझ्यासाठी म्हनलास.”

“मी आईला सांगितलं, भरतनं माझं ऐकलं,” समाधानच पुढं म्हणाला. “ तिला लई बरं वाटलं व्हतं.”

भरतनं तो कापडाचा तुकडा उलटासुलटा करून बघितला. फसवलं म्हणावं, तर फसवलं कुणी? मायेनं दिलं म्हणावं, तर दिलंच कुठं होतं? निळा डोळ्यांना भुलवत होता, आणि मनातला शेंदूर काही केल्या पुसला जात नव्हता.

“पावणं, पैला हात झालाय,” सयाजी डोळे पुसत म्हणाला. “दुसरा मारू, का खरडू? जीपवाला खोळंबलाय.”

“खरडा, सयाजीभाऊ,” समाधान म्हणाला. गिटारीकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

“थांबा!” भरत पुढं झाला. “मारा दुसरा हात.”

“आता तरी समजून म्हनतोस का?” समाधाननं विचारलं.

“न्हाई बा. मला काय बी समजलं न्हाई. पर मारू दे.”

समाधान त्याच्या तोंडाकडं बघत काहीतरी बोलला. तेवढ्यात सयाजीनं कॉम्प्रेसर चालू केला, आणि त्या घरघरीत कुणाचं कुणाला ऐकूच येईना.