सुखदेव सरांच्या क्लासमधला संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. बिबवेवाडीत सुखदेव सरांच्या घरी, पुढच्या खोलीत मी असतो. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर सरांनी प्रोग्रॅमिंगचा क्लास काढला, तेव्हा माझे सुटे भाग स्वतः निवडून आणून त्यांनी मला इथेच जोडले.

सर फार छान शिकवत. "प्रोग्रॅममधला क्लास म्हणजे साचा आणि त्यातून घडतो तो ऑब्जेक्ट," असे ते सांगत. एकदा त्यांनी माझ्यावर 'विद्यार्थी' नावाचा क्लास लिहिला. त्यातून दोन ऑब्जेक्ट बनवले आणि दोघांना एकच नाव, एकच जन्मतारीख दिली.

"पूर्वा, हे दोन्ही एकच आहेत का?" सरांनी एका विद्यार्थिनीला विचारले.

"हो सर. सगळं सारखंच आहे की!"

"माहिती सारखी आहे, पण ऑब्जेक्ट दोन आहेत. याचं नाव बदललं, तर त्याचं बदलणार नाही."

सरांनी मला तुलना करायला लावली. 'एकच नाहीत', असे उत्तर मी पडद्यावर दाखवले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या थोड्या माझ्यासाठी आहेत, असे मला वाटले.

पुढे सर विसरू लागले. कालचाच धडा आज पुन्हा शिकवत. पूर्वाला ऋतुजा म्हणत. मुले आधी हसली, मग गप्प झाली, मग यायचीच थांबली. दारावरची पाटी उतरली आणि मला प्लास्टिकचे कव्हर घातले गेले.

सरांची मुलगी मैत्री कोथरूडला राहते. कॉलेजात असताना ती माझ्यासमोर बसूनच हे सगळे शिकली आणि आता एका कंपनीत प्रोग्रॅम लिहिते. नोकरीतून रजा घेऊन ती वडिलांजवळ राहायला आली.

"कोण हवंय आपल्याला?" सरांनी विचारले.

"बाबा, मी मैत्री."

सर तिच्याकडे बघत राहिले. "नाव तेच आहे. चेहराही तसाच आहे. पण सगळं सारखं असलं, म्हणून एकच होत नाही. माझी मैत्री वेगळी."

तिने आधार कार्ड दाखवले. लहानपणीचे फोटो आणले. आईच्या आठवणी सांगितल्या. प्रत्येक वेळी सर हळूच म्हणत, "जुळतंय हो. पण ती तुम्ही नव्हे."

मैत्री स्वयंपाकघरात जाऊन रडली. ती तीच आहे, हे मला ठाऊक होते. पण कुणी विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही.

काही दिवसांनी तिने माझे कव्हर काढले आणि ओढणीनेच धूळ पुसली.

"सर, मला शिकायचंय. घ्याल क्लासमध्ये?"

सरांचा चेहरा उजळला. "बसा ना! नाव काय आपलं?"

तिने खुर्ची ओढली. "मैत्री."

"छान नाव आहे. माझ्या मुलीचंही हेच."

आता रोज दुपारी ती मुद्दाम चुका करते. सर तिचे बोट धरून कीबोर्डवरच्या योग्य कळीवर ठेवतात. ती बोट सोडवून घेत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातले कुणी तुम्हाला ओळखेनासे झाले, तर त्यांना पुरावे देत बसू नका. शेजारी खुर्ची ओढून बसा. त्यांच्याकडे अजून द्यायला काहीतरी असते. ते घ्या.