नलिनी बोलत नाही

नलिनी मिरजेच्या श्यामसुंदर मास्तरांची थोरली मुलगी. १९७४ साली लग्न होऊन ती चंडीगडला आली. नवरा रघुवीर हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट होता. तो कामावर गेला की ती घरातलं उरकायची आणि मागच्या व्हरांड्यात वाचत बसायची. दिवसभरात भाजीवाल्याशी चार वाक्यं व्हायची, तेवढी तिला पुरत. माहेरीही ती अशीच होती.

रघुवीरला ते पुरत नव्हतं. दर बुधवारी संध्याकाळी अधिकाऱ्यांचा बायकांसह तंबोल्याचा खेळ असे. त्याच्या साहेबांची बायको, मिसेस ग्रेवाल, एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "रघुवीर, तुम्हारी वाइफ गूँगी है क्या?"

सगळे हसले. रघुवीरही हसला. घरी आल्यावर त्यानं कागद घेतला आणि इंग्रजीत दहा वाक्यं लिहिली. हवेबद्दल, साडीच्या रंगाबद्दल, मुलांच्या शाळेबद्दल.

"पाठ कर. पुढच्या बुधवारी म्हणायची."

नलिनीनं पाठ केली. बुधवारी मिसेस ग्रेवालसमोर उभी राहून तिनं दहाही वाक्यं एका दमात म्हणून टाकली. बायकांनी तोंडाला पदर लावले.

मग रघुवीर तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. म्हाताऱ्या सरदारजी डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवलं आणि नलिनीशी अर्धा तास गप्पा मारल्या. ती त्यांच्याशी चांगली बोलली, एकदा हसलीही. डॉक्टरांनी रघुवीरला आत बोलावलं.

"बीमारी कुछ नहीं है, बेटा. कम बोलती है, बस. तू ज़रा सुनना सीख."

"याला काय कळतंय," रघुवीर बाहेर येऊन म्हणाला.

पुढच्या आठवड्यात तो तिला सेक्टर बावीसमधल्या एका जिन्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरनं नलिनीला काहीच विचारलं नाही. रघुवीर सांगत गेला, एकटी बसते, कुणात मिसळत नाही, आणि डॉक्टर लिहीत गेला. दोन तऱ्हेच्या गोळ्या मिळाल्या.

रघुवीर समोर उभा राहून गोळी गिळायला लावायचा. "तोंड उघड. जीभ वर कर." तीन आठवड्यांत तिची जीभ जड झाली, हात कापायला लागले. पुस्तकातल्या ओळी एकमेकींवर चढायच्या. बुधवारी चहाचा कप तिच्या हातून मिसेस ग्रेवालच्या साडीवर सांडला. या वेळी कुणी हसलं नाही.

"शी इज नॉट वेल, मॅडम," रघुवीर म्हणाला.

मिसेस ग्रेवालनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पुअर बॉय. तुमने बताया क्यों नहीं?"

त्या दिवसापासून सगळे त्याच्याशी फार प्रेमानं वागू लागले. त्यालाही ते आवडलं. नलिनी मात्र त्याच दिवसापासून गोळी गालात धरून मोरीत थुंकू लागली. हळूहळू हातांचं कापणं थांबलं, डोकं स्वच्छ झालं. पण रघुवीरचं पत्र तोवर मिरजेला पोहोचलं होतं. *मुलीचा आजार लपवून तुम्ही मला फसवलंत.*

मास्तर तीन दिवसांचा प्रवास करून आले. हातातली पिशवीही खाली न ठेवता त्यांनी डॉक्टरच्या चिठ्ठ्या वाचल्या.

"आप्पा, मी आजारी नाही," नलिनी म्हणाली. "तुमच्याकडे असतानाही मी अशीच होते ना?"

मास्तरांनी चष्मा काढला. "हो गं. तेव्हाच आमच्या लक्षात यायला हवं होतं." मग त्यांनी जावयापुढे हात जोडले. "रघुवीरराव, चूक आमची झाली."

नलिनी उठून उभी राहिली आणि बोलायला लागली. आयुष्यात ती कधी एवढं सलग बोलली नव्हती. पाठ केलेली वाक्यं, पदराआडचं हसणं, सरदारजी डॉक्टर काय म्हणाले ते, गोळ्या, जीभ वर करणं. आवाज चढला. रघुवीरनं तिला मध्ये अडवलं नाही. ती दम घ्यायला थांबली तेव्हा तो मास्तरांना हळू आवाजात म्हणाला,

"पाहिलंत? आता हे असं सुरू झालंय."

मास्तरांनी मुलीचं मनगट घट्ट धरलं. "बस बाळ, बस. शांत हो."

दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन निघाले. गाडीत समोरच्या बाईनं खाऊ पुढे केला, नलिनी नको म्हणाली, तेव्हा मास्तर घाईनं म्हणाले, "तबियत ठीक नहीं इसकी." दोन वर्षांनी घटस्फोट झाला. चिठ्ठ्या कोर्टात उपयोगी पडल्या.

पुढे धाकट्या वंदनाला बघायला पाहुणे आले. मास्तरांनी नलिनीला मागच्या खोलीत बसवलं.

"आप्पा, मी काही बोलणार नाही," ती म्हणाली.

"तेच तर," मास्तर म्हणाले आणि त्यांनी बाहेरून कडी लावली.

पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईनं विचारलं, "तुम्हाला मुली किती?"

"ही एकच," मास्तर म्हणाले.

भिंतीपलीकडे नलिनीला ते स्वच्छ ऐकू आलं. वंदनानं मान खाली घातली. पाहुण्यांना मुलगी पसंत पडली.